नळकांड्यात मावणाऱ्या वस्तू

सूनबाईने पर्समधून ते नळकांडं काढून टेबलावर उभं केलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता त्यातून औषध निघणार. पण नळकांडं रिकामंच होतं. पारदर्शक, बोटभर उंच, तळ तिरका.

“हे काय आता?” कारखानदारांनी विचारलं.

“तीन वर्षांखालच्या मुलाचा घसा, बाबा,” सूनबाई म्हणाली. “म्हणजे, कामापुरता.”

कारखानदार खुर्चीत जरा मागे सरकले. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांच्यापुढे सुनेने चहा ठेवला होता, चष्मा ठेवला होता, एकदा तर वीस कलमांची तक्रारही ठेवली होती. घसा हा पहिलाच.

त्यांना कारखानदार म्हणत ते वडिलांचा बाइंडिंगचा कारखाना चालवतात म्हणून. कारखाना म्हणजे घराचीच मागची खोली. पुस्तकं दाबायचा एक लोखंडी शिकंजा, एक कटिंग मशीन, खळ शिजवायची शेगडी आणि छतापर्यंत फळ्या. मनुष्यबळ दोन: एक ते स्वतः, दुसऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण, ताई. शहात्तराव्या वर्षीही ताई फर्मे जुळवायच्या. छापखान्यातून आलेल्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे दहा-वीस फर्मे ओळीने लावले की पुस्तक होतं, आणि एक जरी मागेपुढे झाला तर नायिकेचं लग्न आधी आणि ओळख नंतर होते. ताईंच्या हातून अशी एकही नायिका गेली नव्हती. आत्ताही त्या खिडकीशी बसून फर्मे जुळवत होत्या. हात चालू असले की माणसाला कुणी मत विचारत नाही, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

पण आजचा विषय त्यांचाच होता.

पुढच्या सोमवारपासून पंधरा दिवस सूनबाईला दुसऱ्या शहरात शिक्षणवर्गाला जायचं होतं. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. बाहुल्यांचे डोळे उपटून पाहायचे, गाड्यांची चाकं पिरगाळायची, अस्वलं जमिनीवर आपटायची, आणि जे टिकेल त्याला दुकानात जाऊ द्यायचं. हा वर्ग झाला तर ती तपासनीस होणार होती. तीन वर्षं ती त्याची वाट बघत होती. चिरंजीव, म्हणजे कारखानदारांचा मुलगा आणि तिचा नवरा, त्याच आठवड्यात कामावरून बाहेरगावी जाणार. राहता राहिली त्यांची मुलगी, भिंगरी. वय सव्वादोन. स्वतःचं घर सोडून ती पंधरा दिवस या घरात ताईंजवळ राहील का, एवढाच प्रश्न होता.

ताईंनी कुणाला न सांगता भिंगरीसाठी कोऱ्या कागदांचं तळहाताएवढं पुस्तक शिवून उशीखाली ठेवलं होतं. इतकी वर्षं घरातली मुलं सांभाळायची वेळ आली की ताईंची पाठ दुखायची. या वेळी त्यांनी पाठ दुखू दिली नव्हती.

“या नळकांड्यात जी वस्तू अख्खी मावते, ती मुलाच्या घशात अडकू शकते,” सूनबाईने समजावलं. “सकाळपासून मी या घरात शोधतेय. आतापर्यंत एक्केचाळीस मिळाल्या.” तिने कागद पुढे केला.

कारखानदारांनी यादी वाचली. बटणं, अंगुस्तान, मेणाचे खडे, पेन्सिलीचे तुकडे, बाबांची कवळी (अर्धी).

“कवळी का?”

“खालची मावली.”

कारखानदारांनी तोंड मिटलं. मग ते वळून आपल्या भावंडांना म्हणाले, “बोला रे. उगाच का बोलावलंय तुम्हाला?”

कारण रविवारची सकाळ साधून त्यांनी भावाला आणि धाकट्या बहिणीला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं होतं. भाऊ म्हणजे मास्तर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, अजूनही खोलीत शिरताना पावलं मोजणारे. धाकटी टेलिफोन ऑपरेटर होती. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर आता स्वतःची लाइन ती सोडत नसे.

“सूनबाई, तुझं सगळं बरोबर आहे,” मास्तरांनी सुरुवात केली. “पण आमच्याकडे बघ. आम्ही याच घरात वाढलो. हे बोट पाहिलंस?”

त्यांनी डावी तर्जनी वर केली. तिला पहिलं पेर नव्हतं.

“कटिंग मशीन. वय वर्षं नऊ. आमच्या बाबांनी पट्टी बांधली आणि शाळेत पाठवलं. बरं, अडलं का काही? शिट्टी उजव्या हातानेच वाजवतात.”

“आणि तो तुकडा?” चिरंजीवाने कुतूहलाने विचारलं.

“तो मावला असता,” मास्तर नळकांड्याकडे पाहून प्रामाणिकपणे म्हणाले.

सूनबाईने यादीत बेचाळीस असा आकडा लिहिला आणि पुढे कटिंग मशीन लिहिलं.

“अरे, तू तिची बाजू लढवतोयस की आपली?” धाकटी उसळली. “तू थांब, मी बोलते. सूनबाई, खाण्याचंच बघ. तू म्हणतेस मीठ कमी, साखर नाही, द्राक्षाच्या उभ्या चार फोडी. आम्ही रडलो की आई फडक्यात साखर बांधून ती पुरचुंडी तोंडात द्यायची. दात यायच्या वेळी दुकानात एक गोड औषध मिळायचं. चमचाभर दिलं की मूल सहा तास झोपायचं.”

“काय असायचं त्यात?”

“झोप!” धाकटी म्हणाली. “आणखी काय असणार?”

“आणि खळ विसरलीस,” कारखानदार खुलले. “आई रोज सकाळी खळ शिजवायची. मैदा आणि पाणी. शिजली की आधी आमच्या वाट्या भरायची, वर चिमूटभर साखर. मग उरलेल्या पातेल्यात मोरचूद. पुस्तकाला कीड लागू नये म्हणून. मीही अजून तशीच करतो. वाट्या सोडून.”

“मोरचूद म्हणजे ते निळे खडे? बाबा, ते विष आहे.”

“म्हणून तर आधी वाट्या!” कारखानदार विजयी स्वरात म्हणाले. “सगळं विचारपूर्वक असायचं.”

“आणि एखाद्या दिवशी क्रम चुकला असता तर?”

“चुकला नाही ना!”

खिडकीशी ताईंचे हात थांबले. फक्त एका फर्म्यापुरते. मग पुन्हा चालू झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही. टेबलाखाली भिंगरी आपल्याच घशातून, म्हणजे नळकांड्यातून, खोटाखोटा चहा पीत होती. सूनबाईने वाकून ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं.

“आणि दोरी सांग की,” मास्तर म्हणाले. “मजा सांग ना तिला.”

“हो गं!” धाकटीने हात पुसून पुढे घेतले, जणू मुख्य पदार्थ आता यायचा होता. “चालायला लागलं की आई पोराच्या कमरेला दोरी बांधायची आणि दुसरं टोक शिकंज्याच्या पायाला. शिवणीच्या दोऱ्याची तीनपदरी वेणी, वर मेण. ती शिवत बसायची आणि आम्ही चरायचो. तीन वर्षांचे होईपर्यंत.”

“मी साडेतीन,” मास्तर म्हणाले. “मी ओढायचो.”

हसणं झालं. चिरंजीवही हसला आणि बायकोचा चेहरा पाहून त्याने हसू अर्ध्यातून खोकल्यावर नेलं.

“मुलांना बांधून ठेवायच्या?” सूनबाई म्हणाली.

“प्रेमाने,” कारखानदार म्हणाले. “आणि बघ आता. आम्ही चौघं. चौघंही तुझ्यासमोर बसलोय. एवढा मोठा पुरावा तुझ्या प्रयोगशाळेत तरी मिळेल का?”

सूनबाई यादीवरच पेन फिरवत होती. “पण बाबा, तुम्ही पाच होतात ना? सासूबाई होत्या तेव्हा एकदा म्हणाल्या होत्या. मोठ्या आत्यांच्या पाठची एक होती.”

“ती तापात गेली,” कारखानदार म्हणाले. “आमच्यातलं कुणी जन्मलंही नव्हतं तेव्हा. ताप काय, कुणाच्याही घरात येतो. त्याचा घराशी काय संबंध?”

“बरोबर आहे,” मास्तर म्हणाले.

“तापाला काय नळकांडं लावणार?” धाकटी म्हणाली.

तिघांची फळी इतकी भक्कम झाली की चिरंजीवही नकळत खुर्ची सरकवून वडिलांच्या बाजूला आला. सूनबाई एकटी पडली. तिने पेनाचं टोपण लावलं. चेहऱ्यावरून वाटत होतं, ती मनात शिक्षणवर्गाला नकाराचं पत्र लिहायला लागली आहे. मग ती खिडकीकडे वळली.

“मोठ्या आत्या, हे सगळे काहीही म्हणोत, भिंगरी तुमच्याजवळ राहणार. तुम्ही सकाळपासून बोलला नाहीत. तुम्ही सांगा. ठेवू का?”

“सांग गं ताई,” कारखानदार निश्चिंतपणे म्हणाले. ताईंचं होकारार्थी मौन त्यांनी पन्नास वर्षं वापरलं होतं.

ताईंनी हातातला गठ्ठा टेबलावर ठोकून चारी बाजूंनी सारखा केला. उशीखालचं पुस्तक त्यांना एकदा आठवलं.

“नको ठेवूस,” त्या म्हणाल्या.



“म्हणजे?” कारखानदार उभे राहिले. “अगं, तू कुणाच्या बाजूने आहेस? गेला महिनाभर तूच म्हणतेस ना, येऊ दे पोरीला?”

“पाठ दुखतेय का?” धाकटीने हळू आवाजात विचारलं.

“पाठ ठीक आहे. मास्तर, शिडी घे आणि मागच्या खोलीत चल. सूनबाई, ते तुझं नळकांडं आण. आणि पोरीला कडेवर घे, खाली सोडू नकोस.”

ताई हुकूम देत नसत. त्यामुळे दिला तेव्हा मास्तरांचा कवायतीतला देह आपोआप सावधान झाला आणि शिडी घेऊन निघाला.

मागच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर, छताला टेकून, एक काचेची बरणी होती. कारखानदारांची ही जुनी तक्रार होती: रोज लागणारी वस्तू इतक्या उंच का? त्यांनी ती कितीदा खाली आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर असायची. मास्तरांनी ती खाली आणली आणि शिकंज्यावर ठेवली. गोळ्यांच्या दुकानात असते तशी गोल झाकणाची बरणी, आत निळे खडे, उजेड पडला की अंगातून उजळणारे. आणि बरणीवर वडिलांच्या हातची पट्टी. चामड्यावर सोन्याच्या वर्खाने उमटवलेली अक्षरं, एकाही अक्षराची मात्रा ढळलेली नाही: मोरचूद. विष.

“काय हात होता बाबांचा,” मास्तर म्हणाले.

“दुकानदाराकडून गोळ्यांची रिकामी बरणी आणली होती त्यांनी,” ताई म्हणाल्या. “झाकण घट्ट बसतं म्हणून. आणि ही पट्टी त्यांनी सावधगिरी म्हणून लावली. दोन दिवस खपून. मग बरणी ठेवली या खालच्या फळीवर, शेगडीजवळ, हाताशी. घरात वाचता न येणारं एकच माणूस होतं. दीड वर्षाचं.”

त्यांनी बरणीतून एक खडा काढला आणि सूनबाईच्या हातातल्या नळकांड्यात सोडला. टिंग असा आवाज झाला. खडा तळापर्यंत गेला आणि तिरक्या तळावर टेकून राहिला. वर अजून पुष्कळ जागा होती.

“ताप नव्हता,” ताई म्हणाल्या.

कारखानदार काही बोलायला गेले. धाकटीने त्यांचा हात धरला.

“बाबा छापखान्यात गेले होते. आई समोरच्या खोलीत शिवत होती, काम त्या दिवशी द्यायचं होतं. मला म्हणाली, हिच्याकडे बघशील ना? मी म्हटलं, बघते. सहा वर्षांची होते मी. वाचायला नुकतंच यायला लागलं होतं आणि जे दिसेल ते वाचत होते. हातात एक फर्मा होता, गोष्टीचा. त्यातली मुलगी एका बंद दाराशी येते, दार ढकलते, आणि सोळावं पान संपतं. पुढचा फर्मा या ढिगात कुठेतरी होता. मी सतरावं पान शोधत होते.”

“सापडलं?” धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

“सापडलं,” ताई म्हणाल्या. “वाचलंही. मग मागे वळले.”

कडेवरच्या भिंगरीने बरणीकडे हात केला. सूनबाईने तो हात आपल्या मुठीत धरला.

“ती रडत नव्हती. ओठ निळे झाले होते. मला वाटलं, छपाईची शाई. मी माझ्या फ्रॉकने पुसले, आई रागावेल म्हणून. उलट्या नंतर सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी संपलं. आईने सगळ्यांना ताप सांगितला. बाबांच्या बरणीसाठी सांगितला की माझ्यासाठी, ते मला कधी कळलं नाही. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, ना तेव्हा, ना पुढे. बरणी वर गेली. मग आई खळीत मोरचूद टाकायच्या आधी वाट्या भरायला लागली. आणि मग तुम्ही झालात, एकामागून एक, आणि तिने दोरी वळली.”

मास्तर खाली वाकले. शिकंज्याच्या लोखंडी पायाला गुडघ्याच्या उंचीवर एक चकचकीत वळं पडलेलं होतं, दोरी घासून घासून. साठ वर्षं ते त्याला गंज न लागलेली जागा समजत आले होते. कापलेल्या बोटाने त्यांनी ते वळं चाचपलं.

“किती लांब होती?” सूनबाईने विचारलं. आवाजात आता सून नव्हती, तपासनीसही नव्हती.

“चार हात आणि एक वीत. शेगडीपासून वीतभर अलीकडे, मशीनपासून दोन विती, फळीपासून हातभर. आईने खडूने जमिनीवर गोल काढून बघितला होता. मी खडू धरला होता.”

“आणि आम्ही ओढायचो,” मास्तर म्हणाले. ते अजून खालीच बसले होते.

कारखानदार मात्र बरणीकडे पाहत होते. चाळीस वर्षं ताई म्हणत होत्या, खळीत मोरचुदाऐवजी लवंगेचं तेल चालतं. आणि चाळीस वर्षं ते म्हणत होते, बाबांची पद्धत आहे. त्यांनी बरणी दोन्ही हातांनी उचलली. पट्टीवरून अंगठा फिरवला.

“पट्टी ठेवतो काढून,” ते म्हणाले. “बाकी उद्या रंगवाल्याला देऊन टाकतो. नाही, उद्या नाही. आत्ताच.” आणि खरोखरच, पायात चपला घालायला विसरून, बरणी पोटाशी धरून ते बाहेर पडले. चिरंजीव चपला घेऊन त्यांच्यामागे धावला.

बाहेरच्या खोलीत परत आल्यावर सूनबाईने नळकांडं तीनदा धुतलं. मग यादीचा कागद घेतला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मागच्या खोलीला बाहेरून कडी लागेल. वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर. पंधरा दिवस कारखाना बंद. बाबांची कवळी पेल्यात, आणि पेला कपाटात. भिंगरी सोमवारी सकाळी येईल.”

ताईंना वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. “अगं, मी काय सांगितलं तुला आत्ता? माझ्याकडे नको.”

“सकाळपासून तिघं जण मला सांगताहेत, काही होत नाही,” सूनबाई म्हणाली. “आमच्या कामात, आत्या, काही होत नाही म्हणणाऱ्याचं खेळणं मी दोनदा आपटून बघते. होतं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या निघालात. मग कुणाकडे ठेवू? मास्तरकाकांकडे?”

“माझ्याकडे नको,” मास्तर घाईने म्हणाले. “मी नापास आहे.”

धाकटी डोळे पुसत हसली.

ताई खिडकीशी आपल्या जागी जाऊन बसल्या. फर्मे जुळवायला घेतले, पण हात उचलेनात. तेवढ्यात भिंगरी आली. येताना तिने ढिगातला एक फर्मा ओढला होता. कुठल्या पुस्तकाचा, कोण जाणे. तो तिने ताईंच्या मांडीवर टाकला, मग स्वतःलाही त्यांच्या मांडीवर टाकलं आणि पानावर थाप मारून म्हणाली, “वाच.”

सत्तर वर्षांत ताईंनी मुलांच्या देखत पुस्तक उघडलं नव्हतं. जुळवायच्या त्या पानांचे आकडे बघून. ओळी वाचायच्या त्या सगळी घराबाहेर गेल्यावर. त्यांनी वर पाहिलं. दारात सूनबाई उभी होती.

“वाचा ना,” ती म्हणाली. “मी बघते आहे.”

ताईंनी चष्मा नीट केला. फर्मा मधलाच होता. गोष्ट कुठून तरी सुरू होत होती आणि कुठेतरी संपणार होती. त्यांनी पहिली ओळ वाचली. आवाज जरा घोगरा आला, पण भिंगरीची हरकत दिसली नाही. ताई एका हाताने पान उलटत होत्या. दुसऱ्या हाताच्या बोटाभोवती त्यांनी भिंगरीच्या फ्रॉकची मागची नाडी दोन वेढे देऊन गुंडाळली होती, आणि सोळावं पान संपल्यावरही ती सोडली नाही.